किंमत बाजूला ठेवून बोलू

जुन्या प्रवासी घड्याळांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. खिशातला मोबाइल साऱ्या जगाची वेळ फुकट दाखवत असताना सत्तर वर्षांपूर्वीच्या मनगटी घड्याळावर लाखो रुपये घालणं म्हणजे निव्वळ पैशाचा माज. बोलणारा माणूस बहुधा समंजस असतो, साधेपणावर त्याचा खरोखर विश्वास असतो, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. त्याने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. घड्याळाचं काम वेळ सांगण्यापुरतं, ही पहिली. महाग वस्तू माणसाला आवडते ती महाग असते म्हणूनच, ही दुसरी. मला दोन्ही अमान्य आहेत. वाईट एवढंच वाटतं की दुसरी समजूत घट्ट करण्यात टीकाकारांपेक्षा या छंदाच्या भाटांचाच हात मोठा आहे.

आधी मोबाइलचं बघू. टोकियोत किती वाजले हे मोबाइल अचूक सांगतो, यात वाद नाही. उपयोगाच्या कसोटीवर कुठलंही चावीचं घड्याळ त्याच्यापुढे टिकणार नाही. पण मोबाइल फक्त उत्तर देतो. जिनिव्हाजवळच्या कारूज गावात लुई कोतिए नावाच्या घड्याळजीने १९३१ च्या सुमारास जे केलं, ते पाहिल्यावर निराळंच काही हाती लागतं. त्याच्या रचनेत मध्यभागी नेहमीचे तास-मिनिटांचे काटे आहेत. त्यांच्याभोवती चोवीस आकड्यांची एक चकती, दिवसाचा भाग उजळ आणि रात्रीचा गडद. ही चकती काट्यांच्या उलट दिशेने फिरते आणि चोवीस तासांत एक फेरा पुरा करते. तिच्या बाहेर शहरांच्या नावांची कडी. आपण ज्या शहरात आहोत ते बाराच्या जागी आणायचं, तिथली वेळ लावायची, की उरलेल्या प्रत्येक नावासमोर तिथला तास आपोआप येऊन उभा राहतो. कुठे पहाट होते आहे, कुठे दिवे लागले आहेत, हे एका नजरेत दिसतं. पृथ्वी फिरते हे शाळेत शिकलेलं वाक्य इथे दाते आणि चकत्यांच्या रूपात चाललेलं असतं. ते ज्याने मनगटावर एकदा पाहिलं, त्याला ‘पण मोबाइलवर दिसतंच की’ हा आक्षेप प्रश्नाला चुकवून गेल्यासारखा वाटतो.

कोतिएची ही रचना पाटेक फिलिप आणि व्हॅशरॉन काँस्टँटिन या जिनिव्हाच्या घराण्यांनी उचलली. पुढे १९५३ मध्ये पाटेकने २५२३ क्रमांकाचं घड्याळ काढलं. त्यात शहरांची कडी फिरवायला डाव्या बाजूला दुसरी चावी दिली. पण मला विशेष थोर वाटते ती कोतिएची नंतरची, १९५९ साली पेटंट झालेली युक्ती. घड्याळाच्या कडेला दोन बटणं. एक दाबलं की तासकाटा एक घर पुढे, दुसरं दाबलं की एक घर मागे. मिनिटकाटा जागचा हलत नाही, घड्याळ थांबत नाही, सेकंदाचीही चूक होत नाही. विमानातून उतरणाऱ्या माणसाला नेमकी किती गरज आहे हे ओळखून तेवढंच करून ठेवणारी ही बुद्धी आहे. आज हरएक महागड्या प्रवासी घड्याळात जी सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापली जाते, तिच्या मुळाशी अशीच कामं आहेत.

या जुन्या तबकड्यांवर आणखी एक गोष्ट असते, आणि माझा जीव तिच्यात जास्त अडकतो. १९११ पासून फ्रान्सची वेळ ग्रिनिचशी जुळवलेली होती. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या जागतिक वेळेच्या घड्याळावर पॅरिस आणि लंडन एकाच खणात असतात. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि शहराची घड्याळं तासभर पुढे सरकवून बर्लिनला जोडली गेली. युद्ध संपलं, जर्मन गेले, पण तो तास परत आला नाही. आजही पॅरिस लंडनच्या पुढे चालतं. १९३९ च्या घड्याळावर पॅरिस लंडनशेजारी दिसतं तेव्हा ती छपाईची चूक नसते. तो युद्धापूर्वीचा युरोप असतो, धातूवर कोरलेला. संग्राहक त्या कडीकडे तासन्तास का पाहत बसतो, असं विचारणाऱ्याला माझं सांगणं आहे : एकदा नावं वाचत जा, कोण कुणाच्या खणात बसलंय ते बघा, आणि मग आपण काय पाहिलं याचा विचार करा.

आता एक आक्षेप आपल्याकडचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ही घड्याळं ज्यांनी घडवली त्यांच्या हिशेबात भारत नीट बसतच नव्हता. मग आपण त्यांचं कौतुक का करावं? तक्रार खरी आहे. चोवीस खणांच्या तबकडीत साडेपाच तासांना जागा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि कोतिएच्या चकतीवर काय किंवा नंतरच्या वैमानिकी घड्याळांवर काय, आपला अर्धा तास मनातच धरावा लागतो. व्हॅशरॉनने २०११ मध्ये अर्ध्या आणि पाव तासांसकट ३७ वेळा दाखवणारी यंत्रणा आणली, तोवर मोठ्या घराण्यांचं हे दुर्लक्ष चालूच होतं.

पण या गैरसोयीतून मी उलटा निष्कर्ष काढतो. प्रमाणवेळ ही कुणीतरी ठरवलेली, कुणावर तरी लादलेली गोष्ट आहे, हे मुंबईला जितकं ठाऊक होतं तितकं जगात थोड्याच शहरांना असेल. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, म्हणजे नव्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. सरकारी हुकूम आला तेव्हा शहराने तो मुकाट्याने घेतला नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, फिरोजशाह मेहतांनी महापालिकेत विरोध केला, आणि मुंबई टाइम पाळणारी घड्याळं या शहरात १९५५ पर्यंत टिकली. पन्नास वर्षं इथला माणूस स्टेशनावर एक वेळ आणि घरी दुसरी वेळ धरून जगला. दोन वेळा एकाच डोक्यात सांभाळणं ही वैमानिकांची मक्तेदारी नव्हे. गिरगावातल्या कारकुनाला ते अंगवळणी पडलेलं होतं. म्हणून दोन वेळांचं घड्याळ आपल्याला परकं असण्याचं कारण मला दिसत नाही. ज्या १९५५ मध्ये मुंबई टाइम संपला, त्याच वर्षी रोलेक्सचं दोन वेळा दाखवणारं जीएमटी-मास्टर बाजारात आलं. हा योगायोगच आहे, पण मला तो फार आवडतो.

आणि अर्ध्या तासाची ती अडचण? साध्या, एकाच वेळेच्या घड्याळावर भारतीयाला तिचं एक अतिशय सुंदर उत्तर मिळतं. भारतीय वेळ लावलेलं घड्याळ उलटं धरा, सहाचा आकडा वर आणि बाराचा खाली. काटे ग्रिनिचची वेळ दाखवतात. दुपारचे तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात, आणि ग्रिनिचला तेव्हा सकाळचे साडेनऊच असतात. तासकाटा किंचित मागे राहतो, पण वाचायला अडचण येत नाही. फक्त उन्हाळ्यात लंडनकर आपली घड्याळं तासभर पुढे नेतात तेव्हा हा मेळ लंडनच्या वेळेशी बसत नाही. साडेपाच तासांच्या फरकातून निघालेली ही भूमिती कुठल्याही स्विस कारखान्याने आपल्याला दिलेली नाही.

मिरवण्याचा आरोप मात्र सगळाच फेटाळता येत नाही. पाटेकचं जागतिक वेळेचं सोन्याचं घड्याळ जन्मापासून श्रीमंतांसाठीच होतं. त्या काळी विमानाने जाणारेही श्रीमंतच होते. तिथे टीकाकाराचं बरोबर आहे. पण प्रवासी घड्याळांचा मोठा हिस्सा या घराण्यांचा नाही. टिसोने १९५३ मध्ये आपल्या शताब्दीच्या निमित्ताने नॅव्हिगेटर काढलं, तेव्हा जागतिक वेळेची कल्पना जिनिव्हाच्या सोनेरी दालनांबाहेर आली होती. आणि त्याच साली बिएन गावच्या ग्लायसिन कंपनीचं एअरमन आलं. त्याची हकिगत आपल्या बाजूच्या आकाशातली आहे. कंपनीचे सॅम ग्लूर बँकॉकहून कोलकात्याच्या वाटेवर डीसी-४ विमानात होते. तिथे वैमानिकाशी बोलणं निघालं, आणि आमच्या धंद्याला कसं घड्याळ लागतं हे त्या माणसाने सांगितलं. चोवीस तासांची तबकडी हवी, म्हणजे पहाटेचे चार आणि दुपारचे चार यात गोंधळ होणार नाही. दुसऱ्या वेळेसाठी फिरती कडी हवी, आणि ती जागेवर पक्की बसायला हवी. ग्लायसिनने ते जसंच्या तसं बनवलं. एअरमनमध्ये तासकाटा दिवसातून एकदाच फेरी मारतो. कडी घट्ट करायला वेगळा स्क्रू आहे. चावी ओढली की तबकडीवरच्या चोवीसच्या आकड्यापाशी एक बारीक पिन वर येते आणि सेकंदकाट्याला अडवते, म्हणजे रेडिओच्या ठोक्याशी सेकंद जुळवता येतो. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकी वैमानिकांच्या मनगटांवर ही घड्याळं दिसली. १९६५ मध्ये पीट कॉनरॅड जेमिनी-५ मधून अवकाशात गेला तेव्हा त्याच्याकडेही एअरमन होतं. ती पिन म्हणजे एका कामगाराने दुसऱ्या कामगाराचं म्हणणं नीट ऐकल्याचा पुरावा आहे. त्यात मला माज कुठेही दिसत नाही.

जीएमटी-मास्टरचीही जात तीच. पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी ते घडवलं गेलं, पोलादात. १२ तासांचा नेहमीचा काटा, त्याला दात्यांनी जोडलेला चोवीस तासांचा एक काटा, आणि काचेभोवती लाल-निळी फिरती कडी : लाल दिवसासाठी, निळी रात्रीसाठी. पहिल्या, ६५४२ क्रमांकाच्या घड्याळाची कडी बेकेलाइटची होती. आकडे अंधारात चमकावेत म्हणून आत किरणोत्सारी रंग भरलेला. बेकेलाइट ठिसूळ निघालं, तडकू लागलं. त्यातच १९५९ मध्ये रंगातल्या स्ट्रॉन्शियम-९० वरून अमेरिकेत ती घड्याळं परत मागवावी लागली. कडी ॲल्युमिनियमची झाली आणि १६७५ क्रमांकाचं घड्याळ आलं, जे १९८० च्या सुमारापर्यंत बनत राहिलं. तासकाटा स्वतंत्रपणे सरकवण्याची सोय या मालिकेत ऐंशीच्या दशकातच आली. त्याआधीच्या वैमानिकाने कडी फिरवूनच काम भागवलं. कल्पना, चूक, माघार, सुधारणा, हा सगळा क्रम ओळीने ठेवलेल्या चार घड्याळांत हाताने चाचपता येतो. पुस्तकात तो वाचता येतो, पण कडी फिरवताना बोटाला लागणारा अडसर पुस्तकात नाही. (जाता जाता एक कळकळीची सूचना : रेडियम लावलेल्या जुन्या तबकडीची चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही. चमकणारा लेप आधी मरतो; रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. असं घड्याळ घरी उघडून, कोरून बघू नये.)

आता वळतो ते छंदाच्या भाटांकडे. ‘घड्याळ म्हणजे सोन्यापेक्षा सरस गुंतवणूक’ असं सांगणाऱ्यांनी या छंदाची जी हानी केली, ती टिंगल करणाऱ्यांना कधीच जमली नसती. युक्तिवाद म्हणूनही तो लंगडा आहे. २०२२ च्या सुरुवातीला जुन्या बाजारातले भाव शिगेला पोचले आणि त्यानंतर घसरले. गुंतवणूक म्हणून घेतलेल्यांपैकी बरेच जण तिथेच पोळले. पण माझा मुख्य राग वेगळ्या कारणासाठी आहे. किंमत पुढे आली की वस्तू मागे पडते.

याचा सर्वांत बोलका दाखला मार्लन ब्रँडोच्या घड्याळाचा. ‘अपोकॅलिप्स नाउ’च्या चित्रीकरणात त्याच्या हातात १६७५ क्रमांकाचं जीएमटी-मास्टर होतं. ते फार लक्ष वेधून घेतं, काढून ठेव, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने घड्याळ हातातच ठेवलं आणि कडी उपटून काढली. मागच्या झाकणावर स्वतःच्या हाताने नाव कोरलं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते घड्याळ १९ लाख ५२ हजार डॉलरला गेलं. ज्या कडीमुळे ते प्रवासी घड्याळ होतं, ती कडीच त्यावर नव्हती. दुसरी वेळ दाखवण्याची त्याची शक्ती गेलेली होती, आणि तरी त्याला कडी असलेल्या कित्येक घड्याळांइतके पैसे मिळाले. ते पैसे नटाचे होते. ब्रँडोच्या चाहत्याने ते द्यावेत, माझी हरकत नाही. पण जुन्या प्रवासी घड्याळांचं मोल सिद्ध करायला हाच आकडा पुढे केला जातो, तेव्हा बोलणाऱ्याला घड्याळाबद्दल काहीच म्हणायचं नसतं, एवढं तरी त्याने कबूल करावं.

भावाच्या या वेडाने घड्याळांचे हालही केले आहेत. चांगलं चालणारं घड्याळ उघडून त्याची तबकडी एकीकडे, कडी दुसरीकडे, काटे तिसरीकडे विकले जातात, कारण सुट्या भागांचा हिशेब जास्त भरतो. उडालेल्या रंगाची कडी पूर्वी बदलून टाकत. आता उन्हाने फिकट झालेलीच कडी हवी म्हणून लोक नवी कडी मुद्दाम विटवतात. केसच्या कडा चकचकीत दिसाव्यात म्हणून इतकं पॉलिश करतात की कारखान्याने दिलेली धार झिजून जाते. धार एकदा गेली की ती कुणालाच परत आणता येत नाही.

इथेच मला परदेशी संग्राहकांशीही भांडायचं आहे. आपल्याकडून जाणाऱ्या एका प्रकारच्या घड्याळाला ते तुच्छतेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आतलं यंत्र जुनं स्विस, तबकडी नव्याने भडक रंगवलेली, काटे एकाचे, चावी दुसऱ्याची. असलं घड्याळ ‘अस्सल’ म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, आणि ती करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण त्या शेऱ्याने इथल्या घड्याळजींच्या आख्ख्या पिढ्या निकालात काढल्या जातात, ते मला सहन होत नाही. फाव्र-ल्युबा १८६५ पासून मुंबईत होती. तिची आणि इतर स्विस कंपन्यांची घड्याळं देशभर पसरली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर कडक निर्बंध आले, घड्याळं चोरवाटेने येऊ लागली, आणि अस्सल सुटे भाग मिळणं दुरापास्त झालं. १९६१ मध्ये एचएमटीची घड्याळं बनू लागल्यावरही जुन्या स्विस घड्याळाचा तुटलेला दांडा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच होता. तेव्हा स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून, मेलेल्या घड्याळाचं चाक जिवंत घड्याळात बसवणारा माणूस खोटेपणा करत नव्हता. शिक्षकाचं, टपाल खात्यातल्या कारकुनाचं, बोटीवरच्या खलाशाचं घड्याळ तो चालू ठेवत होता. स्विस कंपन्यांची अधिकृत सेवाकेंद्रंही जुन्या घड्याळांच्या तबकड्या, काटे, कड्या बदलून नव्या बसवत आली आहेत. तिथे बदललेली तबकडी बाजार सांभाळून घेतो आणि मुंबईच्या डोंगरीत बदललेल्या तबकडीला हसतो. या दोन मापांना माझा विरोध आहे. बदल लपवला असेल तर दोघांनाही दोष द्या. सांगितला असेल तर दोघांच्याही हाताला मान द्या.

राहिला शेवटचा आक्षेप : ही नुसती गतकाळाची हळहळ आहे, आजच्या जगण्याशी तिचा संबंध काय? संबंध आज जितका आहे तितका त्या वैमानिकांच्या काळातही नव्हता. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला पहिल्यांदा निघालं, तेव्हा दोन वेळांत जगणारी मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी असतील. आज न्यू जर्सीत, दुबईत, सिंगापुरात, मेलबर्नमध्ये मुलं असलेल्या किती आया रोज रात्री मनातल्या मनात तास मिळवतात किंवा वजा करतात! पुण्यातल्या एखाद्या आजीला न्यू जर्सीतल्या नातवाचा शाळेत जायचा तास पाठ असतो, आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो हेही ठाऊक असतं. पॅन अ‍ॅमच्या वैमानिकाचं कौशल्य आता तिच्याकडे आहे. तिला तुमच्या हातातलं ते लाल-निळं कडीचं घड्याळ दाखवा, काटा कुठला कशाचा ते सांगा. ते कशासाठी बनवलं हे तिला दोन वाक्यांत कळेल, आणि किती रुपयांचं हे ती कदाचित विचारणारही नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात असं घड्याळ आहे, मग ते वडिलांचं असो, बोटीवरच्या मामाचं असो, आखातातून आलेल्या काकांचं असो, त्यांना माझी विनंती आहे. ते चकचकीत करायला देऊ नका. तबकडी रंगवू नका. डाग तसेच राहू द्या. ऑइलिंग करायचं तर जो उघडण्याआधी तुमच्यासमोर आतल्या भागांचे फोटो काढील, बदललेला प्रत्येक तुकडा पुडीत घालून परत देईल, अशाच घड्याळजीकडे जा. आणि ते कुणी, कुठल्या साली, कुठल्या बंदरात किंवा विमानतळावर घेतलं, कुठल्या दोन गावांच्या वेळा त्यावर लावल्या जात, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून, कागदावर लिहून, घड्याळाच्या डबीत ठेवा.